विहीणबाईंची भाषा

काकांच्या घरात भाड्याने राहायचं तर एक अट होती, आणि ती करारात लिहिलेली नव्हती. कुठेही गेलात तरी पोचल्यावर मिस्ड कॉल द्यायचा. मी माळशिरसला आईकडे गेले की द्यायचा, कॉलेजात शिकवायला गेले की द्यायचा. सुरुवातीला एकदा मी विसरले. दुपारी प्राचार्यांच्या केबिनमधून बोलावणं आलं. आत काका बसलेले, मांडीवर हेल्मेट. मला धडधाकट बघून ते उठले, प्राचार्यांना नमस्कार केला आणि "पोचल्या की," एवढंच म्हणून निघून गेले. प्राचार्यांनी मला विचारलं, वडील का? मी म्हटलं, घरमालक.

सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी काढली होती. काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायच्या. अक्कलकोटकडची गाडी लागली की मराठीनंतर दोन शब्द कानडीत, विणकरांच्या वस्तीतली माणसं दिसली की तेलुगूत, आणि कुणी गडबडीत चुकीच्या गाडीत चढत असेल तर दखनीत ओरडून. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. माणूस चुकीच्या गाडीत बसला तर आपल्याला पाप लागतं, असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावरही आवाज तोच राहिला. काकूंनी स्वयंपाकघरातून हाक मारली तरी ते पुकारल्यासारखंच उत्तर द्यायचे, आणि गल्लीतल्या लोकांना आज काकांच्या घरी काय भाजी आहे ते कळायचं.

"गाडी सुटली ह्ये कुणीबी सांगल," ते म्हणायचे. "पोचली का, ते सांगा."

असा माणूस, आणि त्यांची एकुलती एक लेक युक्रेनमध्ये.

ती तिकडे डॉक्टरकी शिकायला गेली होती. शिकता शिकता वर्गातल्याच एका तिकडच्या मुलाशी तिने लग्न केलं आणि तिथल्याच एका इस्पितळात नोकरीला राहिली. काका तिला 'आमची डॉक्टरीण' म्हणायचे. युद्ध सुरू झालं तेव्हा आपल्याकडची सगळी मुलं परत आली. सोलापूरच्याही काही घरांपुढे फटाके वाजले. डॉक्टरीण आली नाही. जावई सैन्याबरोबर जखमींच्या गाडीवर गेला होता, आणि घरी त्याची आई एकटी. "त्या घर सोडायला तयार नाहीत, बाबा," लेकीने सांगितलं. "मी त्यांना एकटं टाकून कशी येऊ?"

सासूला टाकून ये, असं कुठला बाप सांगेल? काकूंच्या देखत तर नाहीच. मग काकांच्या डोक्याने घेतलं की अडचण विहीणबाईंची आहे. त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही. समजावलं तर दोघी येतील.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. वरच्या मजल्यावर नेट चांगलं मिळायचं म्हणून दोघं माझ्याच खोलीत येऊन बसायचे. फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा. लेक बोलायची, आणि तिच्या खांद्यामागून विहीणबाई डोकावायच्या. केस बारीक कापलेले, अंगाने जाड, गालावर लाली. त्या काहीतरी भराभर बोलायच्या आणि शेवटी दोन्ही हात छातीशी आवळून हमखास दोन शब्द म्हणायच्या. "जाबेरीत यीयी." काका लेकीला विचारायचे, काय म्हणाल्या? लेक म्हणायची, "तब्येतीला जपा म्हणतायत." मग काकाही हात जोडायचे. मलाही ते दोन शब्द पाठ झाले होते.

मी त्यांना फोनमधल्या भाषांतराची सोय दाखवली. काका आनंदले. त्यांनी फोन तोंडाजवळ धरून पुकारायच्या आवाजात सांगितलं, "विहीणबाई, लेकीच्या काळजीनं माझ्या पोटात कालवतंय." फोनने ते तिकडच्या भाषेत म्हटलं. विहीणबाई गंभीर झाल्या, आत गेल्या आणि एक जुडी घेऊन आल्या. ती शेपू होती. शेपू उकळून पाणी प्या, पोट ठिकाणावर येईल, असं त्यांनी बराच वेळ समजावलं. लेक हसून हसून रडायला लागली. काकू तोंडाला पदर लावून बसल्या. काका मात्र हसले नाहीत. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "मधी कुणी नको. ना यंत्र, ना माणूस. मी शिकतो की."

काकांचं असं होतं की ते एखादी गोष्ट बोलले की लोक हसायचे, आणि लोक हसायचे थांबेपर्यंत ती गोष्ट निम्मी झालेली असायची. ते रोज सकाळी गच्चीवर फोन घेऊन बसायला लागले. अक्षरं, आकडे, नमस्कार, चमत्कार. युक्रेनियन भाषेत 'हो'ला 'ताक' म्हणतात. काकू विचारायच्या, भात वाढू का, आणि वरून उत्तर यायचं, "ताक." काकू ताक वाढायच्या. काकूंचं माहेर अक्कलकोटकडचं. चिडल्या की त्या कानडीत जायच्या. "साकु," त्या म्हणायच्या, म्हणजे पुरे. "म्हातारपणी ह्ये काय खूळ. मी माझ्या लेकीशी मराठीत बोलते. ती मला कळते."

जवळजवळ वर्षभर असं चाललं आणि काका एका जागी अडकले. फोनमधल्या ॲपवरची बाई 'हे सफरचंद आहे' याच्या पुढे नेईना, आणि त्यांना सफरचंदाविषयी काहीच बोलायचं नव्हतं. तेव्हा मीच शोधून काढलं की पोलंडमध्ये, सरहद्दीजवळच्या एका गावात, उन्हाळ्यात युक्रेनियन भाषेची शाळा भरते. तीन आठवड्यांची. कुणीही जाऊ शकतं. मी हे सांगायला नको होतं असं मला त्याच रात्रीपासून वाटायला लागलं, कारण काकांनी कधी विमान जवळून बघितलेलं नव्हतं, आणि माझ्या बोलण्याचा त्यांच्यावर झालेला परिणाम जिन्यावरून ऐकू येत होता. ते काकूंना पोलंडचा रस्ता समजावत होते.

अर्ज मी भरला. भाषा शिकण्याचं कारण लिहायचं होतं. इंग्रजीत 'विहीण' या नात्याला शब्दच नाही. मी 'मुलीच्या सासूशी बोलण्यासाठी' असं लिहिलं. मुंबईत व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं की सासूशी मुलगी बोलत नाही का. काकांनी सांगितलं, "ती बोलती. पण ती माझं बोलत न्हाय." त्याने काय लिहून घेतलं माहीत नाही, व्हिसा मात्र मिळाला.

काकूंनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. विहीणबाईंसाठी एक चादर दिली. पुण्याच्या विमानतळावर काका इतक्या लवकर पोचले की त्यांचं विमान अजून दुसरीकडून निघालेलंही नव्हतं. ते पोलंडला पोचेपर्यंत काकू माझ्याकडे येऊन बसल्या. एरवी काळजी करायचं काम काकांचं, काकू त्यांना रागवायच्या. त्या दिवशी ते काम त्यांच्यावर आलं आणि त्यांना ते जमेना. त्या नुसत्या माझ्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. शेवटी फोन एकदाच वाजून बंद झाला. मिस्ड कॉल. काकू उठल्या आणि म्हणाल्या, "जेवा आता तुम्ही."

शाळेच्या गोष्टी मला फोनवरून कळायच्या. वर्गात सगळी विशी-पंचविशीतली पोरं. कुणाचे आजोबा तिकडचे, कुणाला मदतकार्यासाठी जायचं. काका त्या सगळ्यांत म्हातारे, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचे. धड्यातला संवाद ते पुकारल्यासारखा वाचायचे, तेव्हा शेजारच्या वर्गाचं दार उघडून कुणीतरी बघून जायचं. बाई शिकवायला होत्या त्या स्वतः युक्रेनच्या पूर्वेकडच्या. त्यांचं घर मागे राहिलं होतं. त्या फार हसायच्या नाहीत, पण काका वाचायला लागले की हसायच्या.

पहिल्याच आठवड्यात काकांना एक शोध लागला. त्यांनी बाईंना खाणाखुणा करून विचारलं की मुलीच्या सासूला तुमच्यात काय म्हणतात. बाकीची पोरं बुचकळ्यात पडली, असल्या माणसाला वेगळा शब्द कशाला? बाईंनी एका क्षणात फळ्यावर लिहिलं. स्वाखा. आणि हाक मारायची असेल तर स्वाखो. "मॅडम, त्यांच्यात विहीण हाय!" काकांनी मला फोनवर सांगितलं. "संबोधन विभक्तीबी हाय. आपल्यासारकीच." इतका आनंद मी त्यांच्या आवाजात त्यापूर्वी ऐकला नव्हता, आणि नंतरही नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी फोन आला. मी कॉलेजात होते. काका नेहमीसारखे बोलत नव्हते, हळू बोलत होते. "शेजारी काकू न्हाईत ना?" त्यांनी आधी विचारलं.

त्या दिवशीचा धडा प्रवासाचा होता. त्यांच्या आवडीचा. स्टँड, फलाट, सामान. बाईंनी आज्ञार्थ शिकवायला घेतला. थांबा. बसा. तुमची बॅग घेऊन जा. जाबेरीत. काकांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी बाईंना परत म्हणायला लावलं. मग स्वतःच विचारलं, जाबेरीत यीयी म्हणजे काय?

बाईंनी सांगितलं. तिला घेऊन जा.

मग बाईंनी विचारलं की हे तुम्हाला कुणी म्हटलं. काका म्हणाले, स्वाखा. रोज म्हणते. बाईंनी सगळ्यांकडे पाठ करून फळा पुसला आणि वर्गाला लवकर सुट्टी दिली.

"रोज सांगत हुती बाई," काका मला म्हणत होते. "हात जोडून. आन् मी तिला उलट नमस्कार करतोय. येड्यासारका."

मी विचारलं, मुलीला विचारलंत का? ते म्हणाले, न्हाय. तिला विचारलं तर ती काहीतरी सांगेल. जिनं म्हटलं तिलाच विचारायचं. काकूंना सांगू नका, असंही त्यांनी बजावलं.

शाळा संपताना लेक आणि विहीणबाई दोघी सरहद्द ओलांडून त्यांना भेटायला येणार होत्या, असं आधीपासून ठरलं होतं. प्रत्यक्षात लेकीला इस्पितळातून सुट्टी मिळाली नाही आणि विहीणबाई एकट्याच बसने आल्या. त्या एकट्या गेल्या तरी चालेल असं लेकीला वाटलं असावं. बापाची भाषा तीन आठवड्यांत नमस्काराच्या पुढे गेली असेल असं तिला वाटलं नव्हतं.

काका सकाळपासून त्या गावच्या बस स्टँडवर उभे होते. सरहद्दीवर रांग होती, बसला फार उशीर झाला. तिथे कुणी गाड्या पुकारत नव्हतं, नुसती पाटी होती, आणि तिच्यावर ती गाडी कुठे आहे ते काही दिसत नव्हतं. चौकशीच्या खिडकीवर ते इतक्या वेळा गेले की तिथल्या मुलीने त्यांना आतून खुर्ची आणून दिली. गाडी आली. विहीणबाई उतरल्या, आणि काकांनी स्टँडवरच्या सगळ्या माणसांनी वळून बघावं अशा आवाजात हाक मारली, "स्वाखो!"

विहीणबाई पिशवी खाली टाकून रडायला लागल्या. त्यांना या नात्याने कुणीतरी प्रथमच हाक मारत होतं.

मग दुपारभर दोघं स्टँडवरच्याच बाकावर बसून बोलले. काकांना सगळं कळलं असं नाही. त्या बोलायच्या, काका थांबवायचे, पोविल्नो, म्हणजे हळू, मग त्या परत सांगायच्या. पण जे कळायला हवं ते कळलं. त्या घर सोडायला कधीच्याच तयार होत्या. पहिल्या महिन्यातच त्यांनी बॅग भरली होती. डॉक्टरीणच हलेना. नवरा कधी दोन दिवसांसाठी येतो तेव्हा घरात आपण असलं पाहिजे म्हणते. आणि हल्ल्याचा भोंगा वाजला, सगळे तळघरात गेले, तरी ही जात नाही. ज्या पेशंटना हलवता येत नाही त्यांच्यापाशी वॉर्डात बसून राहते. मी तिची आई नाही, माझं ऐकत नाही, तुम्ही बाप आहात, तुम्ही तिला घेऊन जा.

काकांनी जे वाक्य वर्षभर मनात मराठीत घोकलं होतं ते नेमकं हेच होतं. तुम्ही तिला घेऊन या. आता ते कुणाला म्हणायचं?

त्यांनी विहीणबाईंना चादर दिली. स्टँडसमोरच्या दुकानातून एक फोन घेऊन दिला, कारण त्यांच्याकडे साधा बटणांचा होता, आणि तो चालवायचा कसा ते शिकवलं. विहीणबाईंनी वाळवलेल्या अळंब्यांची माळ दिली. काकांनी ती घरी आणल्यावर काय करायचं ते न कळून काकूंनी खिडकीला अडकवली आणि मी घर सोडेपर्यंत ती तिथेच होती.

काका परत आले ते बारीक होऊन. मला वाटलं होतं, भाषा आली, आता त्यांचा जीव थोडा थाऱ्यावर येईल. झालं उलटं. आधी फोनमध्ये मागून जे आवाज यायचे ते नुसते आवाज होते. आता त्यांना ते कळत होते. लेक बोलत असताना मागे कुणी शेजारीण दुसरीला काही सांगत असेल तर काका लेकीचं ऐकायचे नाहीत, तिचं ऐकायचे. गल्लीत लग्नाच्या वरातीचे फटाके वाजले तर ते आत जाऊन बसायचे. सकाळी विहीणबाईंशी त्यांचं वेगळं बोलणं व्हायचं, गच्चीवर, लेक कामावर गेली की. दोघं मिळून काळजी करायचे. कधी कधी तर बोलायचेही नाहीत. विहीणबाई तिकडे बटाटे सोलत बसायच्या आणि काका इकडे बघत बसायचे.

एकदा मी विचारलं की तुम्ही लेकीला सरळ ये म्हणून का सांगत नाही. ते म्हणाले, "एकदाच सांगून बघितलं. म्हणली, बाबा, तुमी स्टँडवर हुतात तवा शेवटची गाडी गेल्याबिगर कधी घरी आलात का?"

काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

मी ते घर सोडायच्या थोडं आधीची गोष्ट. संध्याकाळी नेहमीसारखा कॉल लागला होता. लेक घरीच होती, विहीणबाई मागे. काकू तिला विचारत होत्या की थंडीसाठी तिकडे डिंक मिळतो का. बोलता बोलता फोनमध्ये लांबून भोंग्यासारखा सूर आला आणि मग माणसाचा आवाज, स्पीकरवरचा, एकाच चालीत. पहिला शब्द मलाही ऐकू आला. उवाहा. काकांचा चेहरा बदलला. उवाहा म्हणजे लक्ष द्या. जन्मभर त्यांनी ज्या शब्दाने पुकारायला सुरुवात केली तो शब्द त्यांना कुठल्याही भाषेत कळला असता.

"शेजाऱ्यांनी टीव्ही लई मोठा लावलाय," लेक म्हणाली. ती आईशी बोलताना अजून सोलापूरचंच बोलायची. "हां आई, डिंकाचं काय?"

काका पुढे वाकले. पुकारल्यासारखं नाही, अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, "इदी व उक्रित्या." म्हणजे तळघरात जा, हे मला नंतर कळलं.

लेक थांबली. तिने बापाकडे असं बघितलं की जणू खोलीत तिसरंच कुणीतरी बोललं. मग तीही त्याच भाषेत काहीतरी म्हणाली. काकांनी उत्तर दिलं. ती भराभर बोलायला लागली, हात हलवून. काका एका शब्दावर अडले, तिने तो परत सांगितला. मागून विहीणबाईही बोलल्या. तिघांचं ते बोलणं मला कळत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेतलं असो, समजतं. मग चित्र हललं. दार, कठडा, जिन्याच्या पायऱ्या, अंधार. खूप माणसांचा गलका आला आणि फोन बंद झाला.

काका मागे टेकले. शर्ट पाठीला चिकटला होता. थोड्या वेळाने फोन एकदाच वाजून थांबला. लेकीचा.

काकूंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"काय न्हाय. शेजारचा टीव्ही. खाली बायका जमल्यात म्हणं, तिकडं गेली. सगळं बरं हाय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी उठून खिडकी लावायला लागले. ती आधीच लावलेली होती.

काकू टेबलापाशी गेल्या, फोन उचलला, पदराने त्याची काच पुसली आणि काकांच्या हातात दिला. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"मलाबी शिकवा ही भाषा," त्या म्हणाल्या.

काका कसनुसं हसले. गुडघेदुखीचं, डोळ्यांचं काहीतरी बोलले. काकू हलल्या नाहीत. तेव्हा ते म्हणाले, बरं, उद्या सकाळी गच्चीवर या, नमस्कारापासून सुरू करू.

"नमस्कार नको," काकू म्हणाल्या. "'खरं सांग' कसं म्हणतात, ते सांगा आधी."

काकांनी फोन मांडीवर ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "कझी प्राव्दू."

काकूंनी ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा त्या मोठ्याने म्हणाल्या, फोनकडे नाही, काकांकडे बघून.